बटईची वकिली

हिवराचं झाड ज्यांनी पाहिलं नाही त्यांचं फारसं काही बिघडलेलं नाही. त्याला खाण्याजोगं फळ येत नाही, सावली पडते ती चाळणीतून गाळल्यासारखी, आणि काटे मात्र मनापासून येतात. असं एक झाड इंझोरीच्या शिवारात, बबनराव आणि त्यांचा चुलतभाऊ चंपत यांच्या दोन वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं होतं. ते धुऱ्याच्या अलीकडे की पलीकडे, यावरून बबनरावांनी चंपतवर तालुक्याच्या कोर्टात केस टाकली तेव्हा त्यांची मुलगी निकिता पाळण्यात होती. ती शाळेत जाऊ लागली तेव्हा झाड वाळलं. दहावीला पहिली आली त्या साली त्याला वाळवी लागली. आणि बारावीच्या होळीला गावातल्या पोट्ट्यांनी उरलंसुरलं खोड ओढत नेऊन पेटवलं. त्या होळीत वादी आणि प्रतिवादी दोघांनीही वेगवेगळे नारळ टाकले. झाड वारलं, केस हयात राहिली.

केसची तब्येत अशी ठणठणीत राहण्याचं कारण म्हणजे दोन्ही पक्ष तिची काळजी घेत. त्याची एक रीत बसून गेली होती. एका तारखेला बबनरावांच्या वकिलानं पुढची तारीख मागायची, पुढच्या तारखेला चंपतच्या. ज्याच्या वकिलानं मागितली त्यानं कोर्टासमोरच्या हॉटेलात आलूबोंडे खिलवायचे. एकदा चंपतच्या नव्या वकिलानं तरुणपणाच्या भरात खरोखरचा साक्षीदार आणून उभा केला होता. तेव्हा दोघांनी मिळून त्या वकिलाला बाजूला घेऊन समजावलं, आणि साक्षीदाराला घरी पाठवलं.

गावात मात्र दोघे एकमेकांशी शब्द बोलत नसत. कोर्टात केस चालू असलेली माणसं पारावर गप्पा हाणताना दिसली तर केसची काय इज्जत राहिली? चंपत ज्या पंगतीत बसला त्या पंगतीत बबनराव नाही, आणि बबनराव ज्या मयतीला गेले तिथे चंपत उद्या. अगदीच बोलायची वेळ आली तर तिसऱ्याला मधे घालून बोलायचं. तारखेच्या दिवशी बबनराव इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी काखेत मारून पायी फाट्यावर जात. थोड्या वेळानं चंपतची मोटरसायकल येई. चंपत मागे एकदा बघे, कोणी नाही याची खात्री करे आणि म्हणे, “बस.” मग वादी मागे, प्रतिवादी पुढे, आणि वादीच्या मांडीवर दोन पिशव्या: एक त्याची, एक त्याच्याविरुद्धच्या कागदांची.

निकिताला वकील करायचं हे बबनरावांनी ती चौथीत असतानाच ठरवून टाकलं होतं. घरचाच वकील असला की केस आपल्यामागेही चालू राहील, असा त्यांचा दूरचा विचार. पण पोरगी बापाच्या वरताण निघाली. नागपूरच्या एका खासगी विद्यापीठानं आयर्लंडच्या एका विद्यापीठाशी सोयरीक जमवून कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम काढला होता. पहिली तीन वर्षं नागपूर, पुढची दोन आयर्लंड, आणि शेवटी दोन्ही देशांची एकेक पदवी. निकिताचा त्यात नंबर लागला, तोही शिष्यवृत्तीसकट. बबनरावांनी दिनेशच्या चहाच्या हॉटेलात पेढे वाटले.

“म्हंजे निकिता अर्धी इथची वकील, अर्धी तिथची?” दिनेशनं पेढा तोंडात ठेवून विचारलं.

“अर्धी नाई बे. दोन्हीकडची पुरी.”

“मंग एखाद्यानं इथं खून केला अन् तिथं पयाला, त पोट्टी दोन्हीकडं उभी राहीन?”

“तू कायले खून करून राह्यला? चहा टाक.” बबनरावांनी टोपी नीट केली. “हे पाय, बटईचं वावर असते का नाई? वावर एकाचं, बियाणं दुसऱ्याचं. तसं हाये हे. वावर नागपूरचं, बियाणं आयर्लंडचं.”

“अन् पीक?”

“पीक माह्या घरी.”

कोपऱ्यातल्या बाकावर चंपत बशीतून चहा पीत होता. त्यानं बबनरावांकडे पाहिलं नाही. भिंतीकडे बघून तो म्हणाला, “दिनेश, सांग त्याले, बटईत पीक घरी येईलोक बोलू नये म्हना.”

“दिनेश,” बबनराव चहा उकळत असलेल्या गंजाकडे बघत म्हणाले, “त्याले सांग, पेढा घे म्हना.”

दिनेशनं पेढा नेऊन दिला. चंपतनं तो खाल्ला, पण तोंड भिंतीकडे करूनच.

तीन वर्षं सुरळीत गेली. मग वाटेत एक अट आडवी आली. आयर्लंडला जाण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या ओळखीतलं एक खरंखुरं भांडण शोधायचं, दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवायचं आणि समेट घडवून आणायचा, असा नियम होता. समेटाच्या वेळी या देशाचे एक सर आणि त्या देशाच्या एक मॅडम हजर राहणार. दोघांचंही ‘झाला’ यावर एकमत झालं तरच पोरगं विमानात बसणार. नाही तर नागपूरलाच राहून साधी इथलीच पदवी. नागपूरच्या पोरांनी सोसायट्यांमधली गाड्या लावण्यावरची भांडणं पकडली. निकितानं आपल्या बापाची केस पकडली.

ती सुट्टीत घरी आली आणि चुलीपुढेच विषय काढला. “बाबा, तुमचा समेट झाला त मी जातो. नाई झाला त राह्यतो इथंच.”

“कोनाशी समेट?” बबनरावांनी विचारलं, जणू गावभर त्यांच्या केसेस चालू होत्या.

“चंपतकाकाशी. झाडच राह्यलं नाई, बाबा. आता भांडन कायचं हाये?”

“तत्त्वाचं.”

तव्यावरची भाकरी उलटता उलटता निकिताची आई तुळसाबाई थांबली. “तत्त्व!” ती म्हणाली. “तुमच्या तत्त्वापाई माह्या घरात कुरड्या बंद झाल्या.”

ही गोष्ट खरी होती. तुळसाबाई आणि चंपतची बायको धनीबाई एकाच लग्नसराईत सुना होऊन गावात आल्या होत्या. चीक शिजवायचा मोठा गंज तुळसाबाईच्या माहेरचा, आणि पिळायचा पितळी सोऱ्या धनीबाईच्या माहेरचा. दोघी मिळून दोन घरच्या कुरड्या घालत, आणि त्यात दोन्ही सासवांचं जे व्हायचं ते बोलून होई. केस उभी राहिली तेव्हा नवऱ्यांच्या इज्जतीखातर दोघींनी बोलणं सोडलं. तेव्हापासून एका घरात गंज, एका घरात सोऱ्या. नवरे फाट्यापलीकडे एका गाडीवर बसतात हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बायका वैर पाळत होत्या ते अगदी प्रामाणिकपणे, मीठसुद्धा न मागता.

“पाह्यतो,” बबनराव म्हणाले. “तारखेले वकिलाशी बोलतो.”

तारखेला ते वकिलाशी बोलले नाहीत. गाडीवर चंपतशी बोलले.

“पोरीचं काम हाये, बबन,” चंपत पुढं बघून ओरडला, कारण वारा होता. “करून टाकू समेट.”

“अन् तारीख?”

नाल्यावरचा पूल आला, गेला. कापसाचा ट्रॅक्टर आला, गेला. समेट झाला म्हणजे केस संपली. केस संपली म्हणजे तारीख नाही. तारीख नाही म्हणजे फाटा नाही, गाडी नाही, आलूबोंडा नाही. गावात बोलायला मोकळीक होईल म्हणावं, तर इतक्या वर्षांत गावात बोलायची सवयच राहिली नव्हती. पारावर चारचौघांत बसून हे दोघं बोलणार काय? सोयाबीनचा भाव? तो तर दिनेशही सांगतो.

कोर्ट दिसायला लागलं तेव्हा चंपतला युक्ती सुचली. “त्या गोऱ्या बाईच्या म्होरं हात मिळवू. म्हनन तथी सही करू. कोर्टाले कोन सांगते? बाई गेली तिच्या देशाले, का आपली तारीख आपल्याजवय.”

“अन् निकिता?”

“तेबी तिच्यासंगंच चालली ना बाईच्या देशाले.”

बबनरावांना हे पटलं, आणि पटलं म्हणून थोडं वाईटही वाटलं. पोरीला फसवायचं. पण पोरीच्याच भल्यासाठी. त्या दिवशी आलूबोंडा त्यांना किंचित कमी खमंग लागला. त्यांनी हॉटेलवाल्याला तेल बदलायला सांगितलं.

ठरल्या दिवशी नागपूरहून गाडी आली. तिच्यातून विद्यापीठाचे मोहरील सर उतरले. सडपातळ, हातात फाइल, आणि ऊन आपल्या परवानगीशिवाय पडलं आहे असा चेहरा. त्यांच्यामागून आयर्लंडच्या फ्लिन मॅडम उतरल्या. उंच, लालबुंद, आणि पायात शेतकऱ्याला शोभतील असे बूट. मॅडमनी आधी धुरा पाहायचा म्हटलं. निम्मं गाव मागे निघालं.

“झाड कुठे होतं?” निकितानं मॅडमच्या वतीनं विचारलं.

बबनरावांनी तत्काळ धुऱ्याच्या अलीकडे बोट दाखवलं. चंपतनं तितक्याच तत्परतेनं पलीकडे दाखवलं. दोघांचाही हात सरावाचा होता. मॅडम मोठ्यानं हसल्या आणि इंग्रजीत बरंच काही बोलल्या.

“त्या म्हनतात,” निकिता सांगू लागली, “त्यांचे वडीलबी शेतकरी होते. त्यांचीबी शेजाऱ्यासंगं कुंपनाची केस होती.”

“निकाल लागला?” बबनरावांनी एकदम आपुलकीनं विचारलं.

“वडील गेले. शेजारी गेला. निकाल नाई लागला.”

दोन्ही पक्षांनी आयर्लंडबद्दल मनोमन आदर व्यक्त केला. “चांगला देश दिसते,” चंपत आभाळाकडे बघून म्हणाला.

जेवण बबनरावांकडे होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार. मॅडमनी रोडगा फोडण्याचं तंत्र एकदा पाहिलं आणि नंतर कुणाला विचारलं नाही. मोहरील सरांनी अर्धा रोडगा खाऊन पित्ताची गोळी घेतली. धनीबाई अर्थात जेवायला नव्हती. ती थेट महादेवाच्या मंदिरात आली आणि सभामंडपात खांबाच्या त्या बाजूला बसली. तुळसाबाई खांबाच्या या बाजूला. मधे दगडी खांब, आणि त्याला दोन्हीकडून पाठ.

मंडप भरला. निकितानं दोन सतरंज्या समोरासमोर टाकून वडिलांना आणि काकांना बसवलं, आणि स्वतः मधे बसली. दोघांकडे ती अशी पाहत होती की बबनरावांना आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे आहोत असं वाटलं.

“आमाले शिकवलं हाये,” ती म्हणाली, “मानूस काय मांगते ते आयकाचं नाई. त्याले काय पाहिजे ते आयकाचं. त खरं खरं सांगा. बाबा, तुमाले काय पाहिजे?”

बबनरावांनी पाठ केलेलं म्हटलं. “मले शांतता पाहिजे. मी झाडावरचा हक्क सोडतो.”

“काका, तुमाले?”

“मलेबी तेच. मीबी सोडतो,” चंपत म्हणाला. “लय झालं. भाऊ तो भाऊ.”

तो शेवटचा तुकडा चंपतनं आयत्या वेळी घातला होता, आणि चांगला उतरला. बायांनी पदर डोळ्याला लावले. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. दिनेशनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बबनराव उठायला लागले, तेव्हा मोहरील सरांनी फाइल उघडली.

“थांबा. आता तो बेलाचा विधी आहे ना?”

“कायचा विधी?” बबनरावांनी विचारलं.

“कु. निकिता यांनी त्यांच्या प्रस्तावात लिहिलंय.” सरांनी वाचलं. “‘आमच्या गावात कागदावरची सही ही कोर्टापुरती असते. महादेवासमोर पिंडीवरचा बेल हाती उचलून दिलेला शब्द हाच खरा शब्द.’ आम्हाला हा भाग फार आवडला. मॅडम मुख्यतः यासाठीच आल्यात.”

मॅडमनी हसून मान हलवली आणि कॅमेरा काढला.

बबनरावांनी निकिताकडे पाहिलं. पोरीनं मार्क मिळावेत म्हणून छान लिहिलं होतं, आणि वाईट हे की लिहिलेलं खरं होतं. कोर्टात शपथेवर काय वाटेल ते सांगावं. तिथं सगळेच सांगतात, साहेबालाही ते माहीत असतं. पण बेल? गावात शेवटचा खोटा बेल गंगू म्हाताऱ्यानं उचलला होता, म्हशीच्या भांडणात. म्हैस त्याला मिळाली. तिनं त्याला जन्मात थेंबभर दूध दिलं नाही, आणि वर एका लाथेत त्याची मांडी मोडली. डॉक्टर म्हणाले, लाथ. गाव म्हणालं, बेल. गंगू आज लंगडत येऊन मुद्दाम पहिल्या रांगेत बसला होता.

पुजाऱ्यानं तबक समोर धरलं. तीन पानांचे दोन बेल, पिंडीवरून काढलेले, हिरवेगार.

“उचला,” मोहरील सर म्हणाले.

“आधी चंपत,” बबनराव म्हणाले.

“वादी आधी,” चंपत म्हणाला. “कायदा हाये.”

“तू कई कायदा पाह्यला?”

“तुह्यासंगंच त पाह्यला लेका, इतकी वर्सं!”

गावात ज्या दोघांनी वीस-एक वर्षं एकमेकांशी शब्द काढला नव्हता, ते असे बोलत होते जसे रोज बोलतात. निकितानं मान वर केली. खांबाच्या दोन्ही बाजूंना दोन माना वर झाल्या.

“काका,” निकिता हळूच म्हणाली, “बेल काहून नाई उचलून राह्यले?”

चंपतनं तबकाकडे पाहिलं, गंगूच्या मांडीकडे पाहिलं, आणि त्याचा धीर सुटला. “उचलतो माय. पन मंग तारखेचं काय? आमी दोघं जाचं कुठी?”

“दोघं?”

“एका गाडीवर जातो ना आमी. फाट्यावरून.” आता थांबण्यात अर्थ नव्हता. “कोर्टात तारीख मांगतो. मंग आलूबोंडा खातो. मंग... बसतो जरा. बोलतो. येतो मंग.”

मंडपात कोणी हसलं नाही, कारण खांबाच्या त्या बाजूनं धनीबाई उठली होती.

“आलूबोंडा?” ती म्हणाली. “तुमी आलूबोंडे खाऊन राह्यले? अन् मी इथं या बाईच्या पोरीच्या जावळाले गेली नाई! मह्या भावाच्या लग्नात बाईले पत्रिका देली नाई! कायच्यापाई? आलूबोंड्यापाई?”

“धनी,” या बाजूनं तुळसाबाई उठली. “तुही माय वारली तई मी मागच्या दारानं तुह्या आंगनालोक आली होती. अन् माघारी गेली. हे म्हने, इज्जतीचा सवाल हाये.” तिनं बबनरावांकडे असं पाहिलं की ते सतरंजीवर जरा मागे सरकले. “अन् यायची इज्जत तेलात तयून राह्यली होती!”

“आली होती, बाई?” धनीबाईनं विचारलं.

“आली होती ना वं.”

धनीबाई खांबाला वळसा घालून आली. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मिठी वगैरे काही मारली नाही. धनीबाईनं डोळे पुसले आणि विचारलं, “गंज हाये का घरी?”

“हाये. सोऱ्या?”

“हाये.”

तुळसाबाईनं पुजाऱ्याच्या हातातल्या तबकातून एक बेल उचलला, धनीबाईनं दुसरा. “आमचं काई भांडन नाई,” तुळसाबाई महादेवाला म्हणाली. “नव्हतंच.” दोघींनी बेल पिंडीवर वाहिले, आणि नवऱ्यांकडे न बघता शेजारी शेजारी बसल्या. आता खांबाच्या एकाच बाजूला.

फ्लिन मॅडमना निकितानं भराभर सगळं समजावलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी निकिताचा हात हातात घेतला आणि जाहीर केलं की समेट झाला, उत्तम झाला.

“नाही झाला,” मोहरील सर म्हणाले.

मंडप त्यांच्याकडे वळला.

“या दोघी बायका पक्षकारच नाहीत. दाव्यात त्यांचं नाव नाही. पक्षकारांनी बेल उचललेला नाही. शिवाय आत्ताच उघड झालंय की सह्या खोट्या मनानं केल्या. हा समेट नव्हे, ही फसवणूक आहे.”

मॅडम इंग्रजीत काही बोलल्या. सर इंग्रजीत काही बोलले. मॅडमचा आवाज चढला. सरांनी चष्मा काढला. गावाला भाषा कळत नव्हती, पण भांडण ओळखायला भाषा लागत नाही. दिनेश पळत जाऊन चहाची किटली घेऊन आला. “बटईत असंच होते,” गंगू म्हातारा शेजारच्याला म्हणाला. “पीक उभं राह्यलं का वावरवाला अन् बियाण्यावाला लढते.”

निकिता दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. बबनरावांना तिची उंची पहिल्यांदाच दिसल्यासारखी दिसली. तिनं आधी सरांना विचारलं, मग मॅडमना विचारलं, आणि दोघांचं नीट ऐकून घेतलं. मग ती वडिलांकडे वळली.

“सरायले पक्षकाराचा बेल पाहिजे,” ती म्हणाली. “मॅडमले खरं पाहिजे. दोन्ही तुमच्या दोघायपाशी हाये.” आणि मग, बबनराव काही बोलायच्या आत, तिनं आपली फाइल बंद केली. “पन राहू द्या, बाबा. मह्यासाठी खोटा बेल नका उचलू. मी सांगतो यायले का झाला नाई समेट म्हनून. नागपूरले राहीन मी. काई बिघडत नाई.”

रागावली असती, रडली असती, तर बबनरावांना काहीतरी म्हणता आलं असतं. ती नुसती फाइलची दोरी बांधत होती, आणि गाठ नीट बसत नव्हती म्हणून पुन्हा सोडून बांधत होती. पोरीला घरचा वकील करायचं होतं, ते झालं होतं. घरचा वकील केस हरत होता, आणि तीही त्यांच्यामुळे.

ते उठले. पुजाऱ्यानं पिंडीवरून आणखी दोन बेल काढले; त्यांनी एक घेतला. हातात धरला आणि पिंडीसमोर उभे राहिले.

“खरं सांगतो,” ते म्हणाले. “झाड कुठी होतं ते मले आता आठवत नाई.”

मंडपात चुळबूळ झाली. मोहरील सरांनी चष्मा पुन्हा लावला.

“सकायी बोट दाखवलं, ते सवयीनं दाखवलं. अलीकडं होतं का पलीकडं, देवाले ठाव. मले नाई. केस मांगं घेतो. अन् चंपतसंगं बोललो नाई त करमत नाई मले. बस.” त्यांनी बेल वाहिला.

चंपत त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. दुसरा बेल घेऊन तो म्हणाला, “मलेबी नाई आठवत. मी त त्याचं बोट पाहून उलटं दाखवत जातो.” आणि त्यानंही बेल वाहिला. मग तो हलकेच म्हणाला, “बबन, लेका, कोर्टात हे आधी सांगतलं असतं त?”

“तई तुले इचारलं कोनं?”

मोहरील सरांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, मॅडमपुढे धरलं, आणि मॅडमनी खाली सही केली. गंगू म्हाताऱ्यानं आपली मांडी चोळली. त्याचा जरासा विरसच झाला होता.

निकिता आयर्लंडला गेली. जाताना तिच्या बॅगेत कुरड्यांचे दोन डबे होते, आणि ते कुणी आधी ठेवायचे यावरून तुळसाबाई आणि धनीबाई यांच्यात पहिलं खरंखुरं भांडण झालं, तेही फार मोकळेपणानं.

पुढच्या तारखेला दोघे भाऊ केस मागं घ्यायला निघाले. या वेळी फाट्यावर लपतछपत नाही, तर थेट पारावरून, सगळ्या गावासमोर. बबनराव मागे बसले तेव्हा दिनेशनं “संभाळून जाजा” असं ओरडून सांगितलं, आणि दोघांनाही उगीच लाजल्यासारखं झालं. बायका मागाहून एसटीनं येणार होत्या. त्यांना ते हॉटेल पाहायचं होतं.

कोर्टात नवीन साहेब आले होते. त्यांनी अर्ज वाचला. चांगली गोष्ट आहे, म्हणाले. पण जुने कागद तपासावे लागतील, जागेचा नकाशा मागवावा लागेल, दोन्ही पक्षांचे जबाब व्हावे लागतील. समेट नोंदवायला पुढली तारीख.

बाहेर येऊन दोघे पायऱ्यांवर थांबले.

“तारीख कोनं मांगतली?” चंपतनं विचारलं.

“म्या नाई मांगतली.”

“म्याबी नाई. साहेबानंच देली.”

“मंग आलूबोंडा कोनाचा?”

असा पेच या केसमध्ये आजवर आला नव्हता. हॉटेलच्या दारात दोघे याच मुद्द्यावर अडले असताना आतून धनीबाईनं हात केला. दोघी जावा पंख्याखालचं टेबल धरून बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोरच्या दोन प्लेटा रिकाम्या झाल्या होत्या. “या. सांगतलं आमी आनखी,” ती म्हणाली. “पैसे तुमी द्या दोघं.”

बबनरावांच्या खिशात फोन वाजला. पडद्यावर निकिता होती. तिच्या मागं खिडकीत हिरवीगार टेकडी आणि दगडांच्या लांबच लांब कुंपणाच्या रांगा.

“बाबा, झाली का केस मांगं?”

बबनरावांनी फोन जरा लांब धरला, म्हणजे चंपतही दिसेल. “होऊन राह्यली बाई. कोर्टाचं काम हाये, त्याले येळ लागते. तुले तथी किती दिवस हायेत?”

“दोन वर्सं.”

बबनरावांनी चंपतकडे पाहिलं. चंपतनं मान डोलावली.

“होते तोवर,” बबनराव म्हणाले. “तू आपला अभ्यास कर. घाई नाई.”

“दादा,” तुळसाबाईनं हॉटेलवाल्याला हाक मारली, “चांगलं हाये बापा. पन पुढच्या तारखेले मिर्ची अंमळ कमी टाकजो.”